गारगोटी

गारगोटी म्हणजे सिलिकाचा (सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगाचा), क्वार्ट्झ गटातला कठीण दगड. कोल्हापूर जिल्ह्यात याच नावाचं गाव आहे, ते वेगळं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं वाटेवरच्या पांढऱ्या खड्यापासून अंगठीतल्या अकीकपर्यंत सगळ्याला सरसकट गारगोटीच म्हणतात आणि ते फार चूकही नाही, कारण मूळ खनिज एकच, फरक कणांच्या आकाराचा आणि आत शिरलेल्या लोहाचा. कण डोळ्यांना दिसले तर स्फटिक, बारीक तंतू झाले तर कॅल्सेडनी, कॅल्सेडनीत पट्टे आले की अकीक, आणि लोहामुळं अपारदर्शक लाल-तपकिरी झाला की जास्पर. खनिजांचा कठीणपणा १ ते १० असा मोजणाऱ्या मोहसच्या मापावर गारगोटी ६.५ ते ७, साध्या सुरीनं ओरखडा उठत नाही. बाजारात 'ओनिक्स' म्हणून जे दिवे-वाट्या मिळतात त्यातल्या बऱ्याच कॅल्साइटच्या असतात, कठीणपणा फक्त ३, सुरीचं टोक लावलं की लगेच कळतं.

बेळगाव जिल्हा दख्खनच्या बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाच्या, दक्षिण काठावर येतो, म्हणून इथं गारगोटीची घराणी एकापेक्षा जास्त. चिकोडी, अथणी, निपाणीकडं बेसॉल्टच्या पोकळ्यांत भरलेली. खानापूरकडच्या जुन्या धारवाडी खडकांत पांढऱ्या शिरा. आणि गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गकडं कलादगी नावाच्या जुन्या गाळाच्या खडकांतल्या गोट्यांच्या थरांत क्वार्ट्झ, चर्ट (अतिसूक्ष्म कणांची गारगोटी), जास्पर एकत्र चिकटलेले दिसतात. कलादगीचं वय बहुतेक अभ्यासक शंभर कोटी वर्षांच्या पलीकडं नेतात, नेमकं किती मागं यावर मात्र एकमत नाही.

अकीकचे पट्टे कसे पडले हा वाद जुना आहे. बेसॉल्टचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला, त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, पुढं सिलिका विरघळलेलं पाणी त्यांत झिरपलं, इथवर सगळे मान्य करतात. जर्मन रसायनतज्ज्ञ लीझगांग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं की पोकळीत आधी सिलिकाचा जेल भरला आणि त्यात लोहाचे क्षार पसरताना लयीत पट्टे उमटले. दुसरं मत असं की पाणी पुन्हा पुन्हा येऊन भिंतीपासून आत थर चढत गेले. काही अकीकांत तळाशी आडव्या सरळ रेघा असतात, भांड्यात गाळ बसावा तशा, त्या पाहिल्या की नुसत्या जेलनं भागत नाही असं वाटतं, पण सगळ्याच खड्यांना एकच उत्तर लागू होईल असंही नाही.

पॉलिशसाठी खडे फिरत्या पिंपात पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची पावडर घालून कित्येक दिवस, आधी जाड मग बारीक दाण्यांत, फिरवतात आणि शेवटी सेरियम ऑक्साइडनं चकाकी आणतात. गुजरातेत खंभातचे कारागीर पिवळट अकीक आधी भाजतात, त्यातल्या लोहाच्या संयुगातलं पाणी जाऊन हेमेटाइट हे लाल लोहखनिज होतं आणि खडा लाल होतो. भडक निळे, गुलाबी मात्र बहुतेक रंगवलेलेच, अकीक थोडा सच्छिद्र असतो म्हणून रंग धरतो.

अंधारात दोन पांढऱ्या गारगोट्या जोरात घासल्या की आतूनच पिवळट-केशरी उजेड दिसतो आणि जळल्यासारखा वास येतो. याला घर्षणप्रकाश म्हणतात. चकमकीची ठिणगी याहून वेगळी, ती पोलादाच्या जळत्या कणांची. घर्षणप्रकाश पाण्याखालीसुद्धा दिसतो.