‘ईएफ ६० टक्के’ म्हणजे हृदय ४० टक्के निकामी?

टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर ‘ईएफ ६०%’ दिसलं, की घरात कुजबुज सुरू होते: हृदय साठच टक्के चालतंय, उरलेलं ४० टक्के गेलं. असे फॉरवर्डही वर्षानुवर्षं फिरताहेत. शाळेपासून टक्के शंभरातून मोजायची सवय असल्याने हा समज होणं साहजिक आहे.

पण हे परीक्षेचे गुण नाहीत. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती बाहेर पडतं, एवढंच ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन) सांगतो. समजा १२० मिली रक्त भरलं आणि आकुंचनानंतर ४८ मिली उरलं. म्हणजे ७२ मिली बाहेर गेलं. ७२ भागिले १२०, झाले ६० टक्के. निरोगी हृदयही कप्पा कधीच पूर्ण रिकामा करत नाही. साधारण ५५ ते ७० हा आकडा नॉर्मलच. मिनिटाला ७० ठोके धरले तर हेच हृदय सुमारे ५ लिटर रक्त ढकलतं!

मोजतात कसं? पडद्यावर कप्प्याची आतली कड आखतात, एकदा पूर्ण फुगलेला असताना, एकदा आकसलेला असताना. कॉम्प्युटर त्या आकाराच्या काकडीसारख्या चकत्या कल्पून त्यांचं आकारमान जोडतो. कड थोडी इकडेतिकडे आखली गेली तरी आकडा बदलतो; त्यामुळे गेल्या वर्षी ६२ आणि यंदा ५८ आले म्हणून लगेच घाबरू नका.

पडताळायचंय? रिपोर्टात ‘ईडीव्ही’ (कप्पा पूर्ण भरलेला असतानाचं रक्त) आणि ‘ईएसव्ही’ (आकुंचनानंतर उरलेलं रक्त) दिले असतील तर पहिल्यातून दुसरा वजा करा आणि पहिल्याने भागा. मात्र ईएफ चांगला असूनही धाप लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवाच.