माजी सैनिकांसाठी पीएमईजीपी : अर्ज नेमका कुठे अडकतो

निवृत्तीनंतर स्वतःचा धंदा काढायचा म्हणून पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे बँकेच्या कर्जाला सरकारी अनुदान जोडून देणाऱ्या पीएमईजीपीमध्ये, अर्ज करणाऱ्या माजी सैनिकांच्या फायली मी बरीच वर्षे बघतोय. धंद्याची कल्पना चुकीची म्हणून परत आलेली फाईल क्वचितच दिसते. बहुतेक फायली नावातल्या फरकामुळे नाहीतर चुकीच्या रकान्यामुळे परत येतात. ज्याने वीस-बावीस वर्षे सीमेवर काढली, त्याला एका स्पेलिंगसाठी चार हेलपाटे घालायला लावणे मला अजूनही पटत नाही. पण नियम तसा आहे, म्हणून तयारी आधीच करा.

आधी फायदा काय ते बघू. सर्वसाधारण अर्जदाराला शहरात प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान मिळते, स्वतःचे १० टक्के घालावे लागतात. माजी सैनिक विशेष गटात येतो. त्याला शहरात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के, आणि स्वतःचे फक्त ५ टक्के. उत्पादन उद्योगाला ५० लाख आणि सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. वय १८ च्या पुढे, वरची अट नाही. उत्पन्नाची मर्यादाही नाही, त्यामुळे पेन्शन चालू आहे म्हणून कोणी परत पाठवत असेल तर ऐकून घेऊ नका. उत्पादनात १० लाखांच्या आणि सेवेत ५ लाखांच्या वरच्या प्रकल्पाला आठवी पास असावे लागते.

ही सवलत आपोआप मिळत नाही. ऑनलाइन अर्जात सामाजिक प्रवर्ग आणि विशेष प्रवर्ग असे दोन वेगळे रकाने आहेत. बरेच जण पहिल्यात ‘सर्वसाधारण’ निवडतात आणि दुसरा तसाच सोडून देतात. मग ग्रामीण भागात अनुदान ३५ ऐवजी २५ टक्क्यांनी धरले जाते आणि बँकेत कागद पोहोचल्यावर धावाधाव सुरू होते. दुसऱ्या रकान्यात ‘माजी सैनिक’ निवडलेच पाहिजे.

त्याचा पुरावा म्हणून कॅन्टीन कार्ड किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड जोडू नका. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे माजी सैनिक ओळखपत्र किंवा दाखला लागतो. गाव एका जिल्ह्यात, घर दुसऱ्या जिल्ह्यात आणि नोंदणी गावाकडची, असे असेल तर आधी नोंदणी बदलून घ्या. त्याला वेळ लागतो.

माजी सैनिक कोणाला म्हणायचे, इथेही गैरसमज आहेत. पेन्शन घेऊन आलेला, मग तो स्वतःच्या अर्जावर आलेला असला तरी, माजी सैनिकच. पण पेन्शनला पात्र होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून नोकरी सोडली असेल तर हा दर्जा मिळत नाही. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांनाही तो नाही. अशांनी हा रकाना भरू नये. अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसी असाल तर त्या गटातून तीच सवलत मिळते. शहीद जवानाच्या पत्नीला महिला म्हणून ती मिळतेच.

आता सगळ्यात चिवट अडचण. एका हवालदारसाहेबांचे डिस्चार्ज बुक प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून नीट जपलेले होते. त्यात नाव ‘बाळू’. आधारवर ‘बाळासाहेब’, मध्ये वडिलांचे नाव. पॅनवर फक्त आद्याक्षरे. तिन्ही माणसे एकच आहेत हे समोर बसलेल्या प्रत्येकाला दिसत होते, तरी एका कार्यालयाने फाईल तीनदा परत केली. अशा वेळी आधार आणि पॅन आधी एकमेकांशी जुळवा, कारण पोर्टलवर ती पडताळणी होते. मग प्रतिज्ञापत्र करा, आणि फरक मोठा असेल तर राजपत्रात नावाची नोंद करून घ्या. जन्मतारखेत फरक असेल तर सैन्यातल्या तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवावे लागते. हे सगळे अर्ज भरण्यापूर्वी उरका.

घरात एक प्रश्न जरूर विचारा : तुम्ही नोकरीत असताना बायकोने या योजनेतून काही घेतले आहे का? पती-पत्नी मिळून एकालाच लाभ मिळतो. शिलाई युनिटसाठी आठ वर्षांपूर्वी घेतलेले छोटे कर्ज पुढे आडवे आलेले मी पाहिले आहे.

योजना फक्त नव्या उद्योगासाठी आहे. मंजुरीआधी यंत्र घेऊन काम सुरू केले, किंवा उद्यम नोंदणीत (लघुउद्योगाची सरकारी नोंद) जुनी तारीख पडली, की युनिट ‘चालू’ ठरते. ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आहेत म्हणून घाई करू नका. जमिनीची किंमतही प्रकल्प खर्चात धरता येत नाही.

बाकी सोपे आहे : आधार, पॅन, फोटो, शिक्षणाचा दाखला, ग्रामीण भागाचा दाखला, प्रकल्प अहवाल. खादी आयोगाच्या पोर्टलवर अर्ज मोफत भरता येतो, कोणीही अधिकृत दलाल नेमलेला नाही. बँक निवडताना पेन्शनची लांबची शाखा टाकू नका, युनिटच्या परिसरातली टाका. योजनेची मुदतवाढ २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची होती, म्हणून भरण्यापूर्वी पोर्टलवरची चालू स्थिती पाहून घ्या. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. कोणी मागितले तर लेखी द्यायला सांगा.

शेवटी अनुदानाबद्दल. ते हातात येत नाही. ग्रामीण भागात १० लाखांचा प्रकल्प घ्या : तुमचे ५० हजार, बँकेचे साडेनऊ लाख. अनुदानाचे साडेतीन लाख तीन वर्षे बँकेत तुमच्या नावाने मुदत ठेवीत राहतात. त्या ठेवीवर व्याज नाही आणि तेवढ्या कर्जावरही व्याज लागत नाही. ही तीन वर्षे कर्जमंजुरीच्या पत्रापासून मोजू नका, ती ठेव झाल्यापासून मोजायची. त्यानंतर युनिट प्रत्यक्ष चालू असल्याची तपासणी होते आणि मगच रक्कम कर्जात वळती होते. तोवर यंत्रांची बिले जपून ठेवा, आणि पीएमईजीपीतून अर्थसाहाय्य मिळाल्याचा फलक युनिटवर पहिल्या दिवसापासून लावा.