दैनंदिन ताणाचे नियमन

कामधंदा, पैसा आणि घरगुती कटकटींतून रोज साठणारा ताण आटोक्यात ठेवण्याच्या सवयी. मन धास्तावले की अॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, छाती धडधडते, स्नायू ताठतात. प्रसंग सरला की शरीर पूर्ववत होते. पण कर्जाचा हप्ता किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या कारखान्यातली रात्रपाळी सरत नाही. मग झोप, पचन आणि रक्तदाब बिघडू लागतात.

तातडीचा उपाय श्वासाचा. खांदे सैल सोडून बसावे, एक हात पोटावर ठेवावा. नाकाने चार अंक मोजत श्वास घ्यावा, सहा अंक मोजत सोडावा. असे पाच ते दहा मिनिटे. उच्छ्वास लांबला की मेंदूपासून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाची गती उतरते. बहुतेकांचे चुकते ते इथेच: छाती फुगवून, जोर लावून श्वास घेतला जातो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तसे झाल्यास मोजणे थांबवून नेहमीसारखा श्वास घ्यावा. शांत होण्यासाठी कपालभाती करणारेही पुष्कळ आहेत, पण ती जलद क्रिया धडधड चालू असताना करण्याची नव्हे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठाने आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालले तरी किमान भरते. बोलता यावे, गाता येऊ नये, इतपत वेग हवा. फोनवर वसुलीचा वाद घालत मारलेली फेरी पायांना व्यायाम देते, डोक्याला नाही. तालमीत जाणाऱ्यांची मेहनत होतेच. फक्त ती झोपेच्या तोंडावर नको.

डोक्यात घोळणाऱ्या काळज्यांसाठी संध्याकाळी पंधरा मिनिटे राखून त्या कागदावर उतरवाव्यात. प्रत्येकीपुढे उद्याचे एक काम किंवा ‘हाती नाही’ असे लिहावे. अंथरुणात ही वही उघडू नये. कोल्हापुरातच गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रात्री दूध प्यायला माणसे जमतात. ताणाच्या दृष्टीने तिथे दुधापेक्षा गप्पांचे मोल जास्त.

चहा-कॉफीतले कॅफिन निम्मे उतरायला सुमारे पाच तास लागतात, म्हणून सहाचा चहा अकरालाही जागवतो. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते.

दोन आठवडे झोप किंवा कामातला रस परतला नाही, तर डॉक्टरांकडे जावे. टेलिमानस (१४४१६) ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत फोन सेवा चोवीस तास चालू असते. जिवाला अपाय करण्याचे विचार येत असल्यास तेवढीही वाट पाहू नये. छातीत दाब येऊन कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर तो ताण समजून श्वास मोजत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.