पाचक विकरे
पाचक विकरे : अन्नातील मोठे रेणू पाण्याच्या साहाय्याने तोडून शोषणायोग्य करणारी प्रथिने. पिष्टाचे ग्लुकोज, प्रथिनांची ॲमिनो आम्ले व छोटी पेप्टाइडे, मेदाची मेदाम्ले व मोनोग्लिसराइडे झाल्यावरच ती आतड्याच्या अस्तरातून आत जातात. प्रयोगशाळेत प्रथिनाचे पूर्ण विघटन करायचे तर ते तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात 110° से. तापमानाला सुमारे 24 तास ठेवावे लागते; शरीरात हे काम 37° से. ला काही तासांत उरकते.

लाळेतील ॲमिलेज 7 च्या जवळपासच्या सामूला (pH, आम्लतेचे माप; 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल) पिष्ट तोडते. गिळलेल्या घासाच्या गाभ्यापर्यंत जठरातील आम्ल पोहोचेपर्यंत त्याचे काम चालूच राहते.

जठरातील आम्ल अन्न पचवते, असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात आम्ल प्रथिनांच्या घड्या उलगडते, जंतू मारते आणि निष्क्रिय पेप्सिनोजेनाचे पेप्सिन बनवते. बंध तोडते ते पेप्सिन. टेओडोर श्वान यांनी 1836 मध्ये शोधलेल्या या विकराला 2 च्या आसपासचा सामू मानवतो. त्याचे महत्त्व मात्र वाढवून सांगितले जाते : शस्त्रक्रियेने संपूर्ण जठर काढलेल्या व्यक्तीलाही प्रथिने पचवता येतात.

कारण पचनाचा मुख्य भार स्वादुपिंडावर असतो. त्याचा रस दिवसाला सुमारे दीड लिटर स्रवतो. त्यातील बायकार्बोनेट जठरातून आलेले आम्ल उदासीन करते. तसे झाले नाही तर रसातील विकरे निकामी होतात. ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन ही विकरे प्रथिने तोडतात, आणि ग्रंथी स्वतःही प्रथिनांचीच बनलेली असते. म्हणून ती निष्क्रिय रूपात तयार होतात. लहान आतड्याच्या अस्तरावरील एंटेरोकायनेज ट्रिप्सिनोजेनाचा छोटा तुकडा कापून ट्रिप्सिन मोकळे करते आणि मग ट्रिप्सिन इतरांना जागे करते. हीच साखळी ग्रंथीतच सुरू झाली तर स्वादुपिंडदाह होतो. पोटात तीव्र वेदना आणि रक्तातील लायपेज (मेद तोडणारे विकर) कमाल सामान्य मर्यादेच्या तिप्पट वा अधिक, ही त्याच्या निदानाची महत्त्वाची चिन्हे होत.

पित्तात पाचक विकर नसते. त्यातील क्षार मेदाचे बारीक थेंब करतात, त्यामुळे लायपेजला मोठा पृष्ठभाग मिळतो. शर्करांचा शेवटचा टप्पा आतड्याच्या पेशींच्या काठावरील माल्टेज, सुक्रेज व लॅक्टेज पार पाडतात. जगातील बहुसंख्य प्रौढांमध्ये लॅक्टेज बालपणानंतर घटते. न पचलेली दुग्धशर्करा आतड्यात पाणी ओढून घेते, मोठ्या आतड्यातील जीवाणू ती आंबवतात आणि पोटफुगी, जुलाब होतात. ही दुधाची ॲलर्जी नव्हे.

स्वादुपिंडातील विकरांची निर्मिती सुमारे 90 टक्क्यांनी घटेपर्यंत मेदाच्या पचनात सहसा ठळक बिघाड दिसत नाही. त्यानंतर शौच तेलकट, दुर्गंधीयुक्त होते, वजन घटते, आणि अ, ड, ई, के जीवनसत्त्वे कमी पडतात. अशा प्रौढ रुग्णांना मुख्य जेवणाबरोबर साधारण 40,000 ते 50,000 एकक लायपेज असलेल्या कॅप्सूलपासून उपचार सुरू करतात. स्वादुपिंड धडधाकट असलेल्यांनी जेवणानंतर ‘पाचक’ म्हणून त्या घेण्यास आधार नाही. कॅप्सूलमधील कणांचे आवरण आम्लात टिकते आणि सामू 5.5 च्या वर गेला की विरघळते. त्यामुळे कण चावू वा कुटू नयेत, आणि मात्रा जेवणाच्या सुरुवातीला किंवा जेवताना घ्यावी. रिकाम्या पोटी घेतल्यास विकरे अन्नाला गाठत नाहीत.