राणीचं बटण, पण कोणत्या राणीचं?

जुन्या बाजारात हमखास दिसणारं ब्रिटिश लष्करी बटण म्हणजे मधे ढाल, एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला एकशिंगी घोडा आणि वर मुकुट. विकणारा सांगतो, "राणीच्या काळातलं आहे, सत्तावन्न सालचं." राणीच्या काळातलं ते बहुधा असतंही. पण व्हिक्टोरिया 1837 ते 1901 गादीवर होती आणि एलिझाबेथ दुसरी 1952 ते 2022. दोघींच्या बटणांवरचा मुकुट पहिल्या नजरेला सारखाच दिसतो आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मधल्या राजांचं बटण ओळखणं सोपं आहे. 1901 ते 1952 या काळातल्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल वर जातात. दोन्ही राण्यांच्या मुकुटात मात्र त्या मधोमध खाली दबलेल्या दिसतात, म्हणजे दोन उंचवटे आणि मधे खाच. (चार्ल्सने पुन्हा घुमटाचाच मुकुट घेतला आहे, त्यामुळे पुढच्या पिढीच्या संग्राहकांना वेगळंच कोडं पडणार.) बटणावर हा मुकुट जेमतेम काही मिलिमीटरचा. त्यातही व्हिक्टोरियाच्या काळात प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा निराळा. म्हणून भिंग लावून फक्त मुकुट न्याहाळत बसण्यात अर्थ नाही.

आधी धातू बघा. ब्रिटिश पायदळातल्या साध्या शिपायाची बटणं 1855 पर्यंत कथिलाच्या मिश्रधातूची, राखाडी रंगाची होती; त्यानंतर पितळी आली. एलिझाबेथच्या काळात, 1950 च्या दशकापासून, सोनेरी रंग चढवलेलं ॲल्युमिनियम आलं, कारण त्याला रोज घासावं लागत नाही. ते हातात घेतलं की वजनच जाणवत नाही. पितळ ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड असतं. पितळ काळवंडतं, खाचांमध्ये हिरवट कळकतं आणि झिजलं तरी आतून पिवळंच राहतं. ॲल्युमिनियमचं बटण वर्षानुवर्षं चकचकीत राहतं आणि कडेला झिजलं की सोनेरी रंगाखालून पांढरट धातू डोकावतो. चुंबकाचा इथे उपयोग नाही, तो दोन्हींना चिकटत नाही.

मग बटण उलटं करा. मला विचाराल तर खरी माहिती पाठीवरच असते. कडीभोवती बारीक अक्षरांत कारखान्याचं नाव असतं, बहुतेकदा लंडन किंवा बर्मिंगहॅमचं. लंडनच्या फर्मिनची परंपरा 1677 पर्यंत मागे जाते, त्यामुळे नुसतं 'फर्मिन' वाचून काळ ठरत नाही. बर्मिंगहॅमचं 'गाँट' मात्र 1880 च्या दशकातलं घराणं. ते नाव पाठीवर असेल तर सत्तावन्नची गोष्ट तिथेच संपली. 'लिमिटेड' हा शब्दही मर्यादित जबाबदारीचा कायदा 1855 मध्ये झाल्यानंतरचा.

तसं पाहिलं तर त्या सिंह-घोड्याच्या ढालीवरूनही सत्तावन्नचा दावा खोटा ठरतो. 1767 च्या हुकमापासून पायदळाच्या बटणावर पलटणीचा आकडा असे. शिपायांसाठी तो आकडा काढून सगळ्यांना ही एकच राजचिन्हाची नक्षी दिली गेली ती 1871 मध्ये. अधिकाऱ्यांनी आपापल्या पलटणीची बटणं पुढेही ठेवली, म्हणून नाव असलेलं बटण जास्त बोलकं असतं. 1881 मध्ये आकडे जाऊन परगण्यांची नावं आली, पुढे पलटणी एकमेकींत मिसळल्या. 'सॉमरसेट अँड कॉर्नवॉल' असं जोडनाव दिसलं तर ते बटण 1959 नंतरचं, कारण त्या दोन पलटणी त्या वर्षी एक झाल्या.

त्यांपैकी सॉमरसेट पलटणीचा मुंबईशी थेट संबंध आहे. 28 फेब्रुवारी 1948 रोजी गेटवे ऑफ इंडियातून भारत सोडणारी शेवटची ब्रिटिश तुकडी तीच. एलिझाबेथ गादीवर आली त्यानंतर चार वर्षांनी. म्हणजे तिच्या मुकुटाचं बटण पुण्यात किंवा देवळालीत मिळालं, तर ते इथल्या छावणीतल्या कुठल्याही गोऱ्या शिपायाच्या कोटावरून गळून पडलेलं नाही. जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यातून, भंगारातून किंवा संग्राहकांच्या व्यवहारातून ते नंतर आलं. आवडलं तर जरूर घ्या, पण किंमत त्या हिशेबाने द्या. आणि पितळी निघालं तर चिंच किंवा पितांबरी लावू नका; घासण्याने आधी पाठीवरची अक्षरंच जातात.