पुसलेली फाइल असते कुठे?

दिवाळीच्या आवराआवरीत पुण्यातल्या अनेक घरांत माळ्यावर पडून असलेले जुने संगणक खाली उतरतात आणि भंगारवाल्याकडे किंवा मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात पोहोचतात. देण्यापूर्वी खबरदारी म्हणून कोणी सगळ्या फायली डिलीट करून रीसायकल बिन रिकामा करतो, कोणी ‘फॉरमॅट मारून’ निश्चिंत होतो. उलट ज्याच्या हातून फॉरमॅट चुकून झाले, तो मुलीच्या बारशाचे फोटो कायमचे गेले म्हणून हळहळत बसतो. निश्चिंत होणारा आणि हळहळणारा, दोघांचाही समज एकच असतो आणि तो चुकीचा आहे: पडद्यावरून फाइल नाहीशी झाली, म्हणजे ती डिस्कवरूनही गेली.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या मिनिटाला बहुधा ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि त्या थरातील अतिसूक्ष्म भागांच्या चुंबकनाची दिशा कुठे बदलते, यावरून शून्य आणि एक वाचले जातात. वीज बंद झाली तरी ही दिशा टिकून राहते. म्हणूनच कित्येक वर्षे बंद असलेल्या डिस्कवरचा मजकूरही पुष्कळदा वाचता येतो. तबकडीवरील जागा सेक्टरांत विभागलेली असते आणि कोणती फाइल कोणत्या सेक्टरांत आहे याची नोंदवही डिस्कवरच, पण वेगळ्या ठिकाणी असते. डिलीट करताना संगणक केवळ या नोंदवहीला हात लावतो. दारावरची पाटी काढली म्हणून वाड्यातला भाडेकरू घर सोडून जात नाही, हे पुणेकरांना समजावून सांगायला नको. मालकाने ती खोली दुसऱ्या कोणाला देईपर्यंत तो तिथेच असतो.

नोंदवहीच्या पद्धती मात्र वेगवेगळ्या आहेत. पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या कार्डांत आजही आढळणाऱ्या फॅट पद्धतीत फाइलची नोंद ३२ बाइटची असते (एक बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा) आणि डिलीट केल्यावर नावाच्या पहिल्या बाइटाच्या जागी २२९ हा आकडा लिहिला जातो. फाइलचा आकार आणि आरंभाची जागा तशीच राहते, पण पुढचे तुकडे कुठे आहेत हे सांगणारी साखळी पुसली जाते. विंडोज एक्सपीबरोबर घरोघरी आलेल्या एनटीएफएस पद्धतीत नोंद १०२४ बाइटची असते; तिच्यातील ‘वापरात आहे’ ही खूण काढली जाते, पण तुकड्यांचे पत्ते बहुधा शाबूत राहतात, त्यामुळे इथे फाइल परत मिळण्याची शक्यता अधिक असते. पाच-सहाशे बाइटची छोटी फाइल तर नोंदीच्या पोटातच साठवली जाते. नोटपॅडमध्ये टिपलेले चार फोन नंबर नोंद सापडली की आपोआप हाती येतात. फॉरमॅटविषयी बोलताना तो कोणता, हे आधी विचारावे लागते. जलद फॉरमॅट फक्त नवी कोरी नोंदवही मांडतो. पूर्ण फॉरमॅट एक्सपीमध्ये केवळ खराब सेक्टर तपासत असे, आणि त्यानंतर आलेल्या विंडोज व्हिस्टापासून पुढे तो सगळ्या जागेवर खरोखरच शून्ये लिहितो.

नोंदवहीच नष्ट झालेली असते, तेव्हा वापरली जाणारी युक्ती मला या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. नोंदवहीचा नाद सोडून प्रोग्रॅम पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत डिस्क वाचत जातो आणि प्रत्येक सेक्टरच्या आरंभी ओळखीची खूण शोधतो. जेपेग फोटोचे पहिले तीन बाइट नेहमी २५५, २१६, २५५ असतात. पीडीएफ फाइल टक्क्याच्या चिन्हापुढे स्वतःचे नाव लिहूनच सुरू होते. वर्डच्या नव्या फायली वस्तुतः झिप प्रकारच्या असल्याने त्यांच्या आरंभी झिपचे जनक फिल कॅट्झ यांची ‘पी’ आणि ‘के’ ही आद्याक्षरे सापडतात. जेपेगच्या शेवटी २५५, २१७ हे बाइट येतात. आता चित्राच्या माहितीत हीच जोडी योगायोगाने आली तर काय, अशी शंका कोणालाही येईल. जेपेगची रचना करणाऱ्यांनी तिची सोय आधीच करून ठेवली आहे: चित्राच्या माहितीत २५५ आला की त्याच्यापुढे एक शून्य बाइट घालायचा आणि वाचताना तो गाळायचा, त्यामुळे तिथे ही जोडी चुकून येऊच शकत नाही. खरी अडचण निराळी आहे. बहुतेक कॅमेरे फोटोच्या आरंभी त्याच फोटोची एक इवलीशी प्रतिमा ठेवतात, आणि तीही स्वतःच्या आरंभ-शेवटासह स्वतंत्र जेपेगच असते. बाळबोध प्रोग्रॅम तिचा शेवट पाहून थांबतो आणि तेवढीच आपल्या हाती ठेवतो. फोटोरेकसारखा चांगला आणि मोफत प्रोग्रॅम फाइलची अंतर्गत रचना वाचत पुढे जातो.

फाइल सलग सेक्टरांत नसेल, तर मात्र हीही युक्ती अडखळते. जेपेगमध्ये चित्र ८ बाय ८ बिंदूंच्या चौकोनांत विभागून, प्रत्येक चौकोनाच्या तीव्रतांचे कोसाइन रूपांतर करून, म्हणजे त्या लहान-मोठ्या लहरींच्या बेरजेत मांडून, मिळणारे आकडे हफमन संकेतांत लिहिलेले असतात; यात वारंवार येणाऱ्या आकड्याला छोटा संकेत मिळतो. त्यामुळे या संकेतांची लांबी कमी-अधिक असते, आणि चौकोनाची सरासरी तीव्रता थेट न लिहिता आधीच्या चौकोनाशी असलेला फरक तेवढा नोंदवला जातो. मध्येच परका सेक्टर घुसला की पुढचा संकेत कुठे सुरू होतो हेच कळेनासे होते, आणि फरकातली चूक पुढच्या प्रत्येक चौकोनाला वारशाने मिळते. परत मिळालेल्या फोटोत वरचा भाग स्वच्छ आणि खाली भलत्याच रंगांचे आडवे पट्टे दिसतात ते यामुळेच. या मार्गाने फाइलचे नाव आणि फोल्डर परत मिळत नाहीत. कॅमेऱ्याने फोटोत लिहिलेल्या तारखेवरून क्रम लावता येतो, अर्थात कॅमेऱ्यात तारीख बरोबर लावलेली असेल तर.

सेक्टरवर एकदा नवे काही लिहिले गेले, की विषय संपतो. न्यूझीलंडमधील संगणकतज्ज्ञ पीटर गुटमन यांनी १९९६ साली एका निबंधात, जुन्या निरनिराळ्या डिस्कांचा एकत्रित विचार करून, मजकूर कायमचा पुसण्यासाठी ३५ वेळा पुनर्लेखन सुचवले होते. पुढे त्यांनीच लिहिले की, लोक या ३५ आवर्तनांकडे भुते पिटाळण्याच्या मंत्रासारखे पाहू लागले आहेत. आजच्या चुंबकीय डिस्कसाठी संपूर्ण जागेवर एकदा शून्ये लिहिणे पुरते, आणि म्हणूनच ‘शंभर टक्के रिकव्हरी’ची जाहिरात करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तबकड्यांऐवजी चिपांवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीत तर पुनर्लेखनाचीही वाट पाहावी लागत नाही: विंडोज ७ पासून संगणक डिलीट झालेल्या जागेची वर्दी ट्रिम या आज्ञेने लगेच देतो आणि एसएसडी ती जागा आपल्या सोयीने साफ करून टाकते.

फायली परत हव्या असतील, तर त्या डिस्कवरून संगणक सुरू करू नये आणि रिकव्हरीचा प्रोग्रॅम तिच्यावर टाकू नये. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जुन्या आयडीई डिस्कसाठी, म्हणजे रुंद चपट्या केबलने जोडल्या जाणाऱ्या डिस्कसाठी, यूएसबी अडॅप्टर शोधता येतो. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, तो त्याच्यासोबत आहे ना, हे पाहून घ्यावे. मग डीडीरेस्क्यूसारख्या प्रोग्रॅमने डिस्कची तंतोतंत प्रत काढावी आणि सारी खटपट त्या प्रतीवर करावी. डिस्क ‘टक् टक्’ वाजत असेल, तर ताबडतोब बंद करावी. वाचनाचे हेड फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते, त्यामुळे घरी झाकण उघडणे म्हणजे धुळीला आमंत्रण होय. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा तोडगा अजूनही सांगितला जातो. त्याने बाष्प मात्र तबकडीवर जमू शकते.

मराठी घरांत याउपर एक पेच उरतो. वीसेक वर्षांपूर्वीचे पत्र सहीसलामत परत मिळते, पण उघडल्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात आणि फाइल बिघडली असे वाटते. पुष्कळदा ती बिघडलेली नसते. पुण्यातच तयार झालेल्या श्रीलिपीत किंवा सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम या प्रोग्रॅममध्ये टंकलेला तो मजकूर असतो, आणि त्या काळी इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर मराठी आकृत्या बसवल्या जात असल्याने, तो फाँट नसेल तर संगणक मूळची इंग्रजी अक्षरे दाखवतो. त्यासाठी जुन्या डिस्कवरचा फाँट्स हा फोल्डरही उतरवून घ्यावा, म्हणजे पत्र वाचता येईल आणि फाँटचे नाव कळल्याने युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतांत बदलणारा योग्य परिवर्तकही निवडता येईल. तो फोल्डरही उडालेला असेल, तर फोटोरेक फाँटच्या फायलीसुद्धा शोधतो. ट्रूटाइप फाँटचे पहिले चार बाइट ०, १, ०, ० असे असतात.