‘सहा नंबर’ म्हणजे नेमका कोणता रस्ता?

विदर्भात मलकापूरपासून कोंढाळीपर्यंत कुठल्याही पानठेल्यावर विचारा, रस्त्याचं नाव ‘सहा नंबर’ असंच सांगतील. कागदोपत्री राष्ट्रीय महामार्ग ६ असलेला हा रस्ता २०१० च्या फेरक्रमांकात ५३ झाला. ६ हा आकडा पार मेघालय-मिझोरामकडच्या महामार्गाला गेला.

‘मुंबई-कलकत्ता हायवे’ हे दुसरं नावही अर्धंच खरं. जुना सहा नंबर सुरतेजवळच्या हजिऱ्याहून निघायचा. मुंबईला जाणारा ट्रक धुळ्याला आग्रा रोड धरायचा. आताचा ५३ तर कोलकात्यालाही जात नाही, ओडिशातल्या पारादीप बंदराशी संपतो.

पण खरा गुंता केला बायपासनं. अमरावती, अकोल्यासारख्या ठिकाणी महामार्ग गावाबाहेरून गेला आणि आतला जुना तुकडा उरला. लोक त्यालाच सहा नंबर म्हणतात आणि बाहेरच्याला ‘हायवे’. म्हणजे आकडा बदलला एवढंच नाही, एका रस्त्याचे दोन झाले. असा तुकडा महामार्गातून वगळून राज्याकडे सोपवायचा, ही पद्धत. तिथून पुढे खड्डा बुजवायचा कोणी, नाली काढायची कोणी, यावर टोलवाटोलवी सुरू होते. मोठ्या शहरांचं निभावून जातं. ज्या गावाची अख्खी बाजारपेठ याच रस्त्यावर उभी राहिली, त्याला हा निर्णय फार महाग पडतो, आणि तो घेताना गावाला पुरेसं विचारलं जात नाही.

मुळात हा रस्ता कापसाचा. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला आणि लांबचा माल रुळांवर गेला. स्टेशनापर्यंत गाठी आणायला बैलबंड्या मात्र रस्त्यानंच यायच्या. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचं डांबर कितीही चांगलं घातलं तरी खालची जमीन ते उचलून टाकते. या पट्ट्यातल्या रस्त्यांचं हे जुनंच दुखणं.

चौपदरीकरणात काठची कडुनिंबं आणि चिंचा गेल्या. मधला दुभाजक आला. अमरावती-अकोला टप्प्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा एक पदर १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाला. विश्वविक्रम म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि कामगारांनी भर उन्हाळ्यात रात्रंदिवस राबून ते काम केलं होतं. पण ज्याचं घर एका बाजूला आणि वावर दुसऱ्या बाजूला, त्याला दुभाजकातली फट गाठायला बंडी लांब हाकावी लागते. अंतर जास्त असलं की तो उलट्या बाजूनं निघतो. जुवाला कंदील नाही, मागे रिफ्लेक्टर नाही, आणि समोरून ट्रकचे दिवे.

त्याच वर्षी डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. त्यावर बंडीच काय, मोटारसायकललाही प्रवेश नाही.